मामाला बेळगावला पाठवलं

२०२३ च्या फेब्रुवारीत रात्री साडेदहाला फोन आला. "काका, मामाला बेळगावला पाठवूल्यात."

मला वाटलं, याचा सख्खा मामा आजारी पडला. मग डोक्यात प्रकाश पडला. मालिकेतला मामा, म्हणजे तो स्वतःच. मालिकेतल्या भाचीनं सोफ्यावर बसून एक वाक्य टाकलं होतं, "मामा बेळगावला गेलेत, मामीला बरं नाहीये," आणि तीन वर्षांचं काम तिथं संपलं होतं. त्या सीनला तो सेटवर नव्हताच. संवाद लिहिणाऱ्याच्या हाताखालच्या एका पोरानं त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं, तेही माणुसकी म्हणून. कोल्हापुरातल्या खोलीत बॅग भरता भरता तो मला हे सांगत होता आणि मध्येच हसायला लागला. "खरं बघा काका, गाव तरी बरोबर लिवल्यात."

मी धंद्यानं कर सल्लागार. टिळकवाडीत लहानसं ऑफिस आहे. संध्याकाळी नाटकाचा प्रॉम्प्टर, तेही आता पंचवीस-तीस वर्षं. या नटाला मी विंगेतून पाहिलंय आणि त्याचं इन्कम टॅक्सचं रिटर्नही मीच भरतो. त्याला विचारून हे लिहितोय. त्याचं, मालिकेचं आणि नाटकाचं नाव गाळलंय, रकमा जवळपासच्या आहेत. २०२१ च्या नोव्हेंबरात त्याच्यापुढं दोन कामं एकदम आली होती. त्यातलं कुठलं घ्यावं हे त्यानं मला विचारलं. मी आकडेमोड करून उत्तर दिलं आणि ते चुकलं. कुठं चुकलं, हे मला आता बऱ्यापैकी कळलंय, म्हणून हे प्रकरण मांडतोय.

त्याचा जन्म १९७९ चा, वडगावातला. वडगाव, शहापूर, खासबाग हा आमच्याकडचा विणकरांचा पट्टा. घरात दोन पॉवरलूम. माग चालू असताना त्या घरात कुणी हळू बोलत नाही, कारण ऐकूच येत नाही. चहा झालाय हे सांगायचं तरी पोटातून आवाज काढावा लागतो. पोरगं तिथं बोलायला शिकलं. सतराव्या वर्षी पहिल्यांदा माझ्यासमोर तालमीला उभं राहिलं तेव्हा त्याचं पहिलंच वाक्य हॉलच्या मागच्या भिंतीला जाऊन आपटलं. माईक नव्हता. मला वाटलं, देवानं दिलेला गळा आहे. देवानं नाही, मागाच्या धोट्यानं दिला होता. गंमत म्हणजे पुढं मालिकेच्या सेटवर याच गळ्यानं त्याचा जीव खाल्ला. कॉलरला इवलासा माईक, समोर दोन फुटांवर कॅमेरा, आणि साउंडवाला कानातले हेडफोन काढून म्हणायचा, "दादा, पीक होतंय. निम्मं करा." पहिल्या आठवड्यात 'चहा घेणार का' एवढ्या वाक्याला सात टेक झाले. मग त्यानं युक्ती काढली. बोलण्याआधी माग बंद झालाय अशी कल्पना करायची. लाइट गेले की वडगावात जी शांतता पडते ना, ती.

नाटक तो जत्रेत शिकला. बेळगाव, खानापूर, पलीकडं चंदगडच्या गावांत जत्रेला मंडळाचं नाटक व्हायचं, काही गावांत अजून होतं. पडदे, लाइट, ड्रेपरी भाड्यानं. नटी बाहेरून आणायची. तिला पैसे ठरलेले, आणि पुरुष नटांनी मात्र वर्गणी काढायची. म्हणजे त्या स्टेजवर व्यावसायिक कलाकार एकच, ती बाई. बाकी सगळे स्वतःच्या खिशातून तिच्यासमोर उभं राहण्याचे पैसे भरणारे. हा हिशोब मला फार आवडतो. त्याला पहिली पाच वर्षं नाटकातून एक रुपया मिळाला नाही, उलट दर जत्रेला दोनशे गेले.

पुढं गावातली एकांकिका, स्पर्धा, बक्षिसं झाली. २००४ ला तो मुंबईला गेला. लालबागला गावकीच्या खोलीत राहायचा. नऊ वर्षं काढली.

त्या नऊ वर्षांचं सांगण्यासारखं एकच, त्याची भाषा. बेळगावी मराठीत 'पण' म्हणायच्या जागी 'खरं' येतं, वाक्याच्या शेवटी 'की' चिकटतं आणि सूर खाली उतरायचा तिथं वर चढतो. 'काय करतोयस'चं 'काय करूलास' होतं. कानडीच्या शेजारात शतकं काढल्यावर भाषेनं घेतलेलं ते वळण आहे, त्यात चूक काही नाही. ऑडिशनला मात्र ते चालत नव्हतं. एका ऑडिशनची त्याची स्क्रिप्ट माझ्याकडं आहे. लाल पेनानं प्रत्येक 'पण'भोवती त्यानं गोल काढलाय, तोंडातून 'खरं' निसटू नये म्हणून. दोन पानांत अकरा गोल. ज्या माणसाचं अर्धं लक्ष 'पण'वर आहे तो अभिनय काय करणार?

खरी पंचाईत वेगळीच होती. भाषा लपवली तर तो चारचौघांसारखा दिसे, आणि उघड केली तर लोक हसत. पु. ल. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते, त्यांनी इथल्या थिएटरच्या मालकावर 'रावसाहेब' लिहिलं. ते प्रेमानं लिहिलंय, वाचताना डोळ्यांत पाणी येतं. पण नंतरच्या नकलाकारांनी त्यातला माणूस टाकून दिला आणि नुसता हेल उचलला. कानडी वळणाचं मराठी म्हणजे विनोदी पात्र, असा शिक्का बसला. तोंड उघडायच्या आत प्रेक्षक तयार असतो हसायला. याला एकदा ऑडिशनला बापाच्या मृत्यूवर बोलायचं होतं, आणि समोर बसलेली मुलगी तोंडावर हात धरून हसत होती.

इथं मला राहवत नाही. ज्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' उभं केलं आणि मराठी संगीत नाटकाला घडी घालून दिली, ते आमच्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. केशवराव भोसल्यांनी 'ललितकलादर्श' काढली ती १९०८ मध्ये, हुबळीला. कुंदगोळचे सवाई गंधर्व घरी कानडी बोलत आणि मराठी रंगभूमीवर गात. मराठी नाटकाची अर्धी ओसरी या बाजूला होती. १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्यांच्या हद्दी आखल्या गेल्या, आणि तेव्हापासून आम्ही 'सीमाभागातले'. नटाच्या बाबतीत या शब्दाचा अर्थ एवढाच, की मुंबईत त्याला विचारतात, "मूळचे कुठले?"

२०१३ ला वडिलांना अर्धांगवायू झाला आणि तो परत आला. मुंबईतल्या कामाची कागदोपत्री नोंद शोधायला बसलो तर जवळजवळ काहीच नाही. एका निर्मात्यानं वर्षाला वीस हजारांच्या, २०१० च्या जुलैपासून तीस हजारांच्या, आत फी दिली तर त्या काळच्या नियमानं कर कापावा लागत नसे, आणि कर कापला नाही की २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या कापलेल्या कराच्या नोंदीत, नाव उमटत नाही. हवालदार, पोस्टमन, 'साहेब, गाडी आली', ही सगळी वीस-तीस हजारांच्या आतली माणसं. नऊ वर्षांत दोनच नोंदी सापडल्या. २०१५ ला बेळगावात ९५ वं नाट्यसंमेलन भरलं, फैय्याज अध्यक्षा होत्या. तेव्हा हा मंडपात खुर्च्या लावणाऱ्यांत होता. मी विचारलं, वर का नाही बसलास. म्हणाला, "वर बसायला पास लागतो की काका."

मग वारं फिरलं. २०१६ च्या ऑक्टोबरात झी मराठीवर 'तुझ्यात जीव रंगला' सुरू झाली. शूटिंग कोल्हापूरजवळच्या वसगड्यात. ती चालली आणि एकामागून एक मालिका कोल्हापूर, सांगलीकडं आल्या. लाल माती, वाडा, रांगडी बोली. बेळगावहून कोल्हापूर जेमतेम एकशे दहा किलोमीटर. नऊ वर्षं ज्या दारात उभा होता ते दार अडीच तासांवर आलं. आधी एकेका दिवसाची कामं मिळाली. २०२० च्या फेब्रुवारीत मामा मिळाला: नायिकेच्या आईचा भाऊ, बेळगावचा, साडीचा व्यापारी, मनाचा भोळा. बेळगावी बोलणारा माणूस हवा म्हणून यालाच घेतलं.

पहिले दहा भाग तो घरी बोलतो तसाच बोलला. 'करूलास', 'जाऊलो', सगळं. मग वरून निरोप आला की विदर्भातल्या बायकांना हे कळत नाही. 'काय करूलास'चं 'काय करालायस' झालं. म्हणजे बेळगावचा माणूस बेळगावचाच मामा करताना कोल्हापुरी बोलू लागला. वडगावातल्या त्याच्या चुलतीनं विचारलं, "असं का बोलतोय ह्यो, दात काढलाय काय?"

१९ मार्च २०२० ला सगळीकडची शूटिंगं बंद पडली, जुलैत सुरू झाली. २०२१ च्या फेब्रुवारीत कर्नाटकानं महाराष्ट्रातून येणाऱ्यांना आरटीपीसीआर मागायला सुरुवात केली, सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर रांगा. हा घरी यायला परक्यासारखा रिपोर्ट दाखवायचा. दर खेपेला नाकात काडी. एप्रिलमध्ये महाराष्ट्रात शूटिंगला पुन्हा बंदी आली तेव्हा युनिट गोव्याला गेलं. चोर्ला घाट उतरून तो तिथं पोचला, आणि मे महिन्यात गोव्यानंही परवानगी काढून घेतली.

आता नोव्हेंबर २०२१. नाट्यगृहं २२ ऑक्टोबरला निम्म्या खुर्च्यांवर उघडली होती. दादरच्या एका नाट्यसंस्थेकडून फोन आला. दोन अंकी नाटक, त्यात बापाचं काम, जवळपास मध्यवर्ती. दिग्दर्शकानं याला मुंबईच्या दिवसांत एका प्रायोगिक नाटकात पाहिलं होतं आणि लक्षात ठेवलं होतं. वाचनाला बोलावलं. हा सुट्टी काढून गेला, वाचलं, आणि निवड झाली. त्या बापाचं गाव संहितेत कुठंच लिहिलेलं नव्हतं. त्यानं मला हे दोनदा सांगितलं. मी लक्ष दिलं नाही.

अडचण तारखांची. नाटकाचे प्रयोग शनिवार-रविवारी, आणि मालिकेला मामा नेमका घरगुती सणासमारंभाच्या सीनसाठी लागायचा, ज्यात सगळे कलाकार एकत्र. ते सीन युनिट सलग चार दिवस घेतं. एक काहीतरी सोडायला हवं होतं.

माझ्या टेबलावर कागद घेऊन बसलो. मालिकेचे दिवसाला साडेचार हजार, महिन्याला सरासरी तेरा दिवस. महिना साडेअठ्ठावन्न हजार, त्यातून दहा टक्के टीडीएस. पैसे हातात नव्वद दिवसांनी, पण येतात. वर्षाचा खर्च वजा जाता कापलेला कर बहुतेक परत मिळायचा, त्यालाच तो दिवाळी बोनस म्हणायचा. नाटकाचं बघा. नाईट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, तीन हजार. पस्तीस दिवसांच्या तालमीला काही नाही. महिन्याला दहा प्रयोग धरले तरी तीस हजार, त्यात मुंबईत राहायचं. पैसे प्रयोग संपल्यावर पाकिटात, रोख, हा एकच गुण. घरी अंथरुणाला खिळलेले वडील, मुलगी आठवीत. मी मालिकेच्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या. "यात विचारायचं काय आहे?" असं मी म्हणालो, हे मला स्पष्ट आठवतं.

त्यानं दादरला नकार कळवला.

सुरुवातीला मी बरोबर ठरलो. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉन आला, त्या नाटकाचा शुभारंभ पुढं ढकलला गेला. मी फोन करून त्याला ऐकवलंही. एप्रिलपासून निर्बंध उठले, नाटक लागलं आणि धावलं.

इकडं मालिकेत काय होत होतं? त्याच्या इन्व्हॉइसवरून दिवस मोजले. एप्रिल ते जून २०२२, अडतीस दिवस. जुलै ते सप्टेंबर, एकोणतीस. ऑक्टोबर ते डिसेंबर, सोळा. मालिकेची वेळ बदलून रात्री उशिराची केली होती. वेळ मागं गेली की बजेट खाली येतं, बजेट खाली आलं की आधी घरातली माणसं कमी होतात. काका परगावी, आत्या काशीला. हे तक्त्यात धडधडीत दिसत होतं, फक्त मला तीन महिने उशिरा दिसत होतं, कारण पैसे नव्वद दिवसांनी येत आणि मी कागद पैसे आल्यावर बघत असे.

त्याचं स्वतःचं म्हणणं वेगळं आहे. त्याला वाटतं, डिसेंबरच्या त्या दिवसांनी घात केला. ६ डिसेंबर २०२२ ला बेळगावजवळच्या हिरेबागेवाडीला महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, तिकडं पुण्यात कर्नाटकाच्या बसना काळं फासलं गेलं, एसटी बंद. याची गाडी केए २२, कर्नाटकाच्या नंबरची. ती कोल्हापुरात न्यायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी सातचा कॉल. पहाटे निपाणीपर्यंत इकडच्या बसनं, तिथून नाक्यापर्यंत रिक्षा, नाका पायी ओलांडला, पुढं कागलहून वडाप, म्हणजे खासगी शेअर गाडी. मेकअपची पिशवी स्वेटरच्या आत धरून. चाळीस मिनिटं उशीर झाला. प्रॉडक्शनचा माणूस म्हणाला, "तुमच्या त्या बॉर्डरचं रोजचंच आहे." हे वाक्य त्याच्या मनात रुतलंय, आणि माझा तक्ता त्याला ते उपटून देऊ शकत नाही. पण सोळा दिवसांतले बहुतेक ऑक्टोबर-नोव्हेंबरचे होते. घसरण दगडफेकीच्या आधीची आहे.

सीमेचा हात असेलच तर तो वेगळ्या ठिकाणी आहे. मामा हे पात्र मुळातच पाहुणं. त्याला दुसरं गाव आहे म्हणूनच तो विनोदी, म्हणूनच गोड, आणि म्हणूनच एका वाक्यात घालवता येण्यासारखा. सासऱ्याला असं घालवता येत नाही, त्याला मारावं लागतं, फोटोला हार घालावा लागतो, चार भाग जातात. मामाला नुसतं गावी पाठवलं की झालं. ज्या गुणावर त्याला काम मिळालं त्यातच परतीचं तिकीट होतं. नाटकातल्या बापाला गाव नव्हतं. त्यानं मला दोनदा सांगितलं होतं.

आणि एक शुद्ध माझी चूक. 'महिन्याला किमान बारा दिवस' ही हमी मी हिशोबात धरली होती. ती कुणीतरी तोंडी दिली होती. करारात तसं कलमच नव्हतं, 'आवश्यकतेनुसार' असा शब्द होता. त्यानं मला कराराच्या दोनच पानांचे फोटो पाठवले होते, रकमेचं आणि सहीचं. मधली नऊ पानं मी मागितली नाहीत. हीच गोष्ट एखाद्या व्यापाऱ्याच्या बाबतीत झाली असती तर मी मागितली असती. नटाचा करार काय वाचायचा, असं माझ्या मनात कुठंतरी असणार.

मे २०२३ मध्ये ते नाटक बेळगावात आलं. तो तिकीट काढून गेला, मला घेऊन. बाराव्या रांगेत बसलो. बापाचं काम पुण्याचा एक अनुभवी नट करत होता, चोख करत होता. दुसऱ्या अंकात मुलगी घर सोडून जाताना बाप तिला म्हणतो, "जा, पण दिवा मी मालवणार नाही." तिथं याचे ओठ हलले. मी प्रॉम्प्टर माणूस, मला ओठ वाचता येतात. तो वाक्य म्हणत होता, आणि 'पण'च्या जागी 'खरं' म्हणत होता. बाहेर आल्यावर चहा घेताना मी काही बोललो नाही. तोच म्हणाला, "त्यानं 'जा' नंतर थांबायला पाहिजे होतं. तीन मोजून." मग बशीतला चहा थंड होईपर्यंत 'जा' कुठल्या कुठल्या सुरात म्हणता येतं ते मला दाखवत बसला. टपरीवाला दोनदा वळून बघून गेला.

खडेबाजारात त्याला अजून बायका अडवतात. "मामा, मामींचं बरं हाय का?" आधी तो खुलासा करायचा. आता "बरं हाय की" म्हणून पुढं जातो. मालिका त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संपली, तरी मामी आजारीच आहे.

मधल्या काळात त्यानं लग्नात निवेदन केलं, शाळांत शिबिरं घेतली, एक माग विकला. गेल्या वर्षी बेंगळुरूहून कन्नड मालिकेसाठी बोलावणं आलं. कन्नड तो अस्खलित बोलतो, म्हणजे आम्हाला वाटतं तसं. तिथल्या माणसानं ऐकून सांगितलं की मराठी वास येतोय, आणि तोच हवाय. मुंबईला त्याच्यात कानडी ऐकू येई, बेंगळुरूला मराठी. दिवसाला सहा हजार.

या वेळी त्यानं करार पूर्ण पाठवला, चौदा पानं. सोबत पात्राची माहिती देणारं अर्धं पान. मी ऑफिस बंद करून बसलो, एकेक कलम वाचलं, दिवसांची हमी कुठं आहे त्याखाली पेन्सिलीनं खूण केली. महिन्याला आठ दिवस, लेखी. खूश होऊन फोन लावला.

"ते राहू दे काका," तो म्हणाला. "आधी पात्राचं गाव कुठलं लिवल्यात ते बघा."

मी ते अर्धं पान शोधलं. चष्मा लावून वाचलं.

"बेळगाव."

"मग बॅग पुरती सोडत नाही," म्हणाला, आणि रविवारच्या रात्रीच्या गाडीचं तिकीट काढायला गेला.